काकूंची चूल आणि चाळीस फूट पाइप

आमच्या प्लांटमध्ये एक गोष्ट अशी होती, जी साहेबांना फाटकाबाहेर हवी होती आणि बाकी सगळ्यांना आत. ती म्हणजे काकूंची चूल.

प्लांट सोयाबीनचा. मेडशीकडून वाशिमला येणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत. तेल काढायचं, पेंड पोत्यांत भरायची, आणि तेलातून जो चिकट, तपकिरी, डिंकासारखा माल वेगळा होतो त्याचं लेसिथिन करून ड्रम भरायचे. हे लेसिथिन चॉकलेटात जातं, बिस्किटात जातं. मला हे कळलं त्या दिवशी मी कौतुकाने गावी आईला फोन केला. ती म्हणाली, "मगे तू थंय बिस्किटां करतंस काय?" मी हो म्हणालो. इतक्या लांबची नोकरी फोनवर पूर्ण समजावून सांगेपर्यंत रेंज जाते.

काकू जवळच्याच गावातून पायी यायच्या. चाळीसेक माणसांचा सकाळचा चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण त्यांच्याकडे. डोक्यावर पत्रा, खाली मातीची चूल, बाजूला तुऱ्हाट्यांचा ढीग. तुरीचं पीक निघाल्यावर जी वाळकी झाडं उरतात ती इकडे सगळे सरपणाला ठेवतात. साहेबांना तो धूर बघवत नसे. "खाण्याच्या मालाचा प्लांट आहे. बाहेरून मोठी गिऱ्हाइकं बघायला येतात. त्यांना आधी हा धूर दिसतो," असं ते म्हणायचे. गॅसवर कॅन्टीन चालवणारा शहरातला एक माणूस दोनदा येऊन जागेचं माप घेऊन गेला होता. काकूंसाठी साहेबांनी फाटकापलीकडची रस्त्याकडेची जागा दाखवली होती. तिथे नळ नव्हता, भिंत नव्हती, होता तो फक्त ट्रकांचा धुरळा.

"मी काय जत्रेतली दुकानदार हाये का रस्त्यावर मांडून बसाले?" काकू म्हणायच्या. "फाटकाबाहेर गेली चूल, तं मी घरीच बसन." आणि त्या म्हणाल्या म्हणजे बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबही फक्त कारणाची वाट बघत होते. नुसत्या धुरावरून चाळीस माणसांच्या पोटाशी भांडण घ्यायला ते काही भोळे नव्हते.

मला ती चूल आत हवी होती, त्याचं कारण अगदी साधं होतं. तिच्यावर माझा भात शिजायचा.

मी समुद्राकाठचा. नववीत शाळा सोडली, मग वायरमनच्या हाताखाली, मग एका ठेकेदाराबरोबर फिरत फिरत इथवर. आलो तेव्हा सत्ताविसावं संपत होतं, आणि अंगात भीती इतकी की खोलीला कुलूप लावलं का हे बघायला मी बस स्टॉपवरून परत जायचो. परत आल्यावर दुसऱ्यांदा जायचो. पहिल्या आठवड्यात ज्वारीची भाकरी आणि लाल ठेचा खाऊन माझं पोट असं काही बिनसलं की मी भाकरी तोडायचो, तोंडाशी न्यायचो आणि रुमालात ठेवायचो. कुणाला दिसत नाही असा माझा समज. चौथ्या दिवशी काकूंनी माझ्यासमोर एक लहानसा गंज आपटला. गंज म्हणजे इकडचं पातेलं. आत भात.

"रुमालाचं पोट भरलं असन तं आता तुह्यं भर," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी माझ्या एकट्यासाठी तो गंज चुलीच्या कडेला असायचा. सगळे म्हणायचे, "राजाचा गंज आला, सरका राजेहो." मी मान खाली घालून जेवायचो. घरापासून इतक्या लांब कुणी न मागता भात शिजवला, की माणूस काय बोलणार? मला अजूनही सुचलेलं नाही.

आता पाइप.

लेसिथिनच्या टाकीपासून ड्रम भरायच्या जागेपर्यंत चाळीस फूट पाइप उघड्यावरून जात होता. लेसिथिन कोमट असलं तर मधासारखं चालतं. गार झालं तर जागचं हलत नाही, आणि फार तापलं तर काळं पडतं. म्हणून त्या पाइपावर तापणारी वायर लावलेली, वर काचेच्या लोकरीचा थर, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. ही सगळी जबाबदारी माझी. शिकवणारे आमचे मिस्त्री, मूळ आसेगावचे, तीस वर्षं वायरींत घालवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पाइपापाशी उभं केलं.

"पाइप गरम करनं सोपं हाये," मिस्त्री म्हणाले. "वायर लावली, करंट देल्ला, झालं. थांबवनं कठीन हाये. कवा चालू अन् कवा बंद, हे कोनाले इचारून ठरवाचं?"

"थर्मोस्टॅटला," मी म्हणालो.

"थर्मोस्टॅट काय देव हाये का? थोही कोनाले तरी इचारते. एक असते, हवेले इचारते. बाप्पा, थंडी हाये का? हवा म्हनते हाये, हा चालू करते. दुसरा असते, थो पाइपालेच इचारते. तिसरा मोठ्या शहरातला डब्बा, थो हिशोब करते, जेवढी पायजे तेवढीच गरमी वाढते. अन् चौथी वायरच शहानी असते, आंग तापलं का सोताच करंट कमी घेते."

"मग आपला कुठला?"

"हवेले इचारनारा. सस्ता पडला." मग त्यांनी पान तोंडात टाकलं. "आपला थर्मोस्टॅट गावातल्या मानसासारखा हाये. घरात कोन आजारी हाये थे घरात नाई इचारत, शेजाऱ्याले इचारते."

तो शेजारी म्हणजे लेसिथिनच्या शेडची उत्तरेकडची भिंत. तिथे सावलीत पेटी लावलेली आणि पेटीतून बोटभर लांब स्टीलची नळी बाहेर आलेली. तीच हवेचा अंदाज घ्यायची. हवा पंचवीस अंशांच्या खाली गेली की पाइपाची वायर चालू, वर गेली की बंद. वर्षातले कितीतरी महिने वाशिमला ऊनच इतकं असतं की पाइपाला आमची गरज नसायची. तेव्हा मी नुसतंच पत्र्यावरून हात फिरवून, काम केल्यासारखं करून, परत यायचो.

दिवाळीनंतर वारा फिरला. काकूंच्या जुन्या जागेवर धूर सरळ डोळ्यात यायला लागला, म्हणून त्यांनी चूल उचलून भिंतीच्या आडोशाला मांडली. भिंत उत्तरेची. पेटी वर, डावीकडे, हातभर अंतरावर. त्या स्टीलच्या नळीला काकूंनी पहिल्याच दिवशी चहाचं गाळणं अडकवलं.

"काकू, तो सेन्सर आहे," मी म्हणालो.

"असू दे. मी त्याले बोलून राह्यली का काई?"

मी जेवायला बसलो. गंजात भात होता.

थंडी वाढली आणि एका सकाळी पाइप अडला. आठ वाजता ड्रम भरायला पंप सुरू केला तर पंप नुसता घरघरला आणि पाइपाच्या तोंडातून अंगठ्याएवढा तपकिरी किडा बाहेर येऊन तिथेच थांबला. मी धावत गेलो. पत्र्याला हात लावला, थंड. दहा वाजता सगळं तपासलं तर करंट व्यवस्थित, वायर गरम, थर्मोस्टॅट शहाण्यासारखा चालू. अकराला माल वाहायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

एखादी वस्तू बिघडली की काही माणसं वस्तूत दोष शोधतात, काही दुसऱ्यात शोधतात. मी आधी माझ्यात शोधतो. ऑक्टोबरमध्ये त्या वायरचा एक जोड मी स्वतः केला होता. तोच ढिला असणार, याची मला इतकी खात्री की तीन दिवसांत तीनदा मी पत्रा सोडला, लोकर काढली, जोड उघडला, पुन्हा केला. जोड पहिल्यापासून उत्तम होता. तिसऱ्यांदा उघडून मी त्याला थोडा बिघडवलाच असेल. अंगभर काचेची लोकर टोचत होती, आणि रोज सकाळी सातला मी कुठे बसून काळजी करत होतो? काकूंच्या चुलीपुढे. हात शेकत, चहा पीत, पाइपाकडे डोळे लावून. डोक्याच्या वर हातभर अंतरावर ती नळी माझ्याबरोबर शेकत होती.

"कायले एवढा इचार करतं?" काकू म्हणायच्या आणि माझ्यासाठी आणखी दोन तुऱ्हाट्या आत सारायच्या.

चौथ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "तू दहाले जाऊन पाह्यतं. दहाले थो बिघडत नाई. बिघडते तवा पाह्य ना, लेका."

म्हणून मी पहाटे साडेपाचला मीटर घेऊन गेलो. करंट चालू. पत्रा कोमट. मी खूश. सहाला काकू आल्या, चूल पेटवली, पातेलं ठेवलं. आज थंडी जरा जास्त म्हणून जाळही जरा जास्त. आम्ही दोघं शेकत बसलो. त्यांच्या धाकट्या दिराचं लग्न कसं ठरता ठरता राहिलं हे त्या सांगत होत्या, आणि मुलीकडचे पाणी पिऊन उठले त्या जागेवर कथा आली असताना डोक्यावर पेटीत वाजलं, टक्.

मीटरचा काटा खाली आला.

मी वर बघितलं. नळीवर गाळणं, गाळण्याखाली वाफ, वाफेखाली चूल. मग मी पाइपाकडे बघितलं. तो बिचारा उघड्यावर थंडीत पडलेला, आणि त्याच्या वतीने ही नळी इकडे शेकून सांगत होती, कसली थंडी, मजेत आहे. जितकी थंडी जास्त, तितका आमचा जाळ मोठा. जितका जाळ मोठा, तितकी लवकर वायर बंद. दहापर्यंत नाश्ता उरकून चूल विझलेली, नळी गार, सगळं सुरळीत. म्हणून मला कधी काही सापडलं नव्हतं.

"काय झालं? तोंड काहून उतरलं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. दिराचं पुढे काय झालं?"

तिथे मी बोलायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर साहेब आले. त्यांना हवं होतं ते कारण मी त्यांच्या हातात देणार होतो, आणि तेही काकूंच्या हातचा चहा पिता पिता. खरं सांगायचं तर काकूंना हळूच सांगून चूल चार हात सरकवता आली असती. हे मला तेव्हा सुचलंच नाही. घाबरलेल्या माणसाला नेहमी दोनच वाटा दिसतात, आणि दोन्ही खड्ड्यात जातात.

मी तिसरीच वाट काढली. काकू पाण्याला गेल्या तसं पेटी उघडली आणि थर्मोस्टॅटचा काटा पंचवीसवरून थेट शेवटी नेऊन ठेवला, पन्नासवर. आता चुलीने कितीही फसवलं तरी वायर बंद व्हायची नाही. मिस्त्रींना सांगितलं, जोड ढिला होता.

"चौथ्यांदा?" मिस्त्री म्हणाले.

"हो. आता घट्ट केला."

ते पान शोधायला लागले.

दोन सकाळी पाइप कसा छान चालला. साहेबांनी मला "गुड" म्हटलं. ते मी आईला फोनवर सांगितलं, बिस्किटांचं म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर पहिला ड्रम भरायला घेतला आणि माल आला तो काळा. करपलेल्या काकवीसारखा. पन्नासवर ठेवलेला काटा दिवसभर वायर चालूच ठेवत होता. वर ऊन, आत थांबलेला माल, आणि बंद करणारं कुणी नाही. सहा ड्रम बाजूला काढावे लागले. मिस्त्रींनी पेटी उघडली, काटा बघितला आणि पेटी बंद केली. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते फक्त म्हणाले, "आता तू सांगतं का मी इचारू?"

साहेब तिथेच होते. काकूही हात पुसत आल्या होत्या, एवढी माणसं का जमली बघायला. मी सगळं सांगितलं. चूल, नळी, टक्, काटा. सांगताना पायाकडे बघत होतो. काकूंच्या चपलांचा अंगठा तुटलेला होता आणि तिथे वायर गुंडाळलेली होती. ती मीच दिली होती.

साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणजे चुलीमुळे माल खराब झाला."

"माझ्यामुळे झाला, साहेब."

"चूल नसती तर तू काटा फिरवला असतास?"

उत्तराची वाट न बघता साहेब म्हणाले, "सोमवारपासून चूल फाटकाबाहेर."

काकूंनी साहेबांकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "सात दिवस माह्यासमोर बसून चहा पेला," त्या म्हणाल्या. "दिराचं लगन दोनदा आयकलं. अन् मले एवढं नाई सांगता आलं, काकू चूल सरकवा? मी काय तुले खात होती?"

"मला वाटलं, तुमची चूल जाईल."

"मंग आता काय राह्यली?"

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गंज नव्हता. ताटात दोन भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. सगळ्यांसारखं ताट. माझ्या शेजारचे चमचा शोधल्यासारखं करत इकडेतिकडे बघत होते आणि कुणी म्हणालं, "राजाचं राज्य गेलं वाटते."

वाट काढली ती मिस्त्रींनी. रविवारी ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी दाराबाहेर होतो. मिस्त्रींचं म्हणणं असं की चूल काढली तरी हा थर्मोस्टॅट उद्या दुसऱ्या कशाने तरी फसणार. भिंतीला ट्रक टेकला, गरम इंजिन चालू राहिलं, तरी फसणार. दोष त्याच्या विचारण्यात आहे. हवेला विचारणं सोडून त्याला पाइपालाच विचारायला लावू. भंगारात एक जुना थर्मोस्टॅट आहे. त्याला लांब बारीक तांब्याची नळी आणि टोकाला पेन्सिलीएवढा गोळा. तो गोळा पाइपाला टेकवला की काम झालं. "अन् चूल हाये तिथंच राहू द्या, साहेब. चूल हलवली अन् पाइप चालला, तं समजन कसं कोनामुळे चालला?"

साहेब हिशोबी माणूस. हे त्यांना पटलं, किंवा पटलं नाही असं म्हणायला जागा राहिली नाही. ते म्हणाले, "तीन थंड सकाळी. मोबाइलवर बारा अंशांच्या खाली दाखवलं तरच ती सकाळ मोजायची. चूल पेटलेली, पाइप चाललेला, माल स्वच्छ. एकदा जरी चुकलं, तर चूल बाहेर आणि पुन्हा विषय नाही."

म्हणजे काकूंची चूल आता माझ्या हातात होती. ज्या हाताने कुलूप तीनदा तपासलं जातं, त्या हातात.

गोळा बसवायला मी पाइपावरचा पत्रा सोडला. कुठे बसवावा? मी विचार केला, गरमी वायरीतून येते, तर वायरीजवळ बसवू, म्हणजे लगेच कळेल. वायरीला चिकटवून गोळा बांधला, लोकर गुंडाळायला घेतली. तेवढ्यात मागून काकू आल्या. माझ्याशी बोलणं बंद होतं, म्हणून त्या मिस्त्रींशी बोलल्या.

"हे काय करून राह्यला थो?"

"पाइप किती तापला, हे पाह्याले डोळा बसवून राह्यला," मिस्त्री म्हणाले.

"मंग वायरीवर काहून बांधला?"

मिस्त्रींनी पान तोंडात टाकलं. मला वाटतं, त्यांना चूक आधीच दिसली होती आणि मी किती वेळ लावतो ते ते बघत होते.

काकूंनी इतक्या दिवसांनी माझ्याकडे तोंड केलं. "तू रोडगे खाल्ले ना माह्या हातचे?"

खाल्ले होते. कणकेच्या छोट्या पुऱ्या एकावर एक ठेवून त्यांचा गोळा करायचा, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. फोडून त्यात तूप. थंडीत काकूंच्या मनात आलं की त्या करायच्या, आणि त्या दिवशी कुणी सुट्टी घ्यायचं नाही.

"रोडगा भाजला का हे पाह्याले मी काय इस्तवाले हात लावतो का?" त्या म्हणाल्या. "इस्तू तं गरमच हाये. रोडग्याले हात लावा लागते. अन् तोही इस्तवाकडून नाई. वरून, जिथं आच सगळ्यात उशिरा येते तिथून. तिथं भाजला असन, तं सगळा भाजला."

मी गोळा सोडला. वायर पाइपाच्या खालच्या अंगाला होती. गोळा मी वरच्या अंगाला नेला, वायरीपासून जितका दूर जाईल तितका, आणि चाळीस फुटांतल्या शेवटच्या टप्प्यात, जिथे माल सर्वात उशिरा तापतो. पट्टीने घट्ट आवळला. मिस्त्रींनी पान गालाच्या दुसऱ्या बाजूला नेलं आणि म्हणाले, "तीस वर्सं शिकवून राह्यलो लोकायले. चूल मांडली असती तं दोन वर्सांत झालं असतं."

काटा पंचावन्नवर ठेवला, आता हवेच्या नव्हे, पाइपाच्या. पंचावन्नला बंद, पन्नासवर आलं की पुन्हा चालू. मधल्या पाच अंशांचं मला पहिले दोन दिवस भय वाटत होतं. पन्नासवर चालू झालाच नाही तर? मग मिस्त्रींनी समजावलं की ते अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. नाही तर तो दर मिनिटाला चालू-बंद करत राहील. "तुह्यासारखा," ते म्हणाले. "कुलूप लावलं का, नाई लावलं का, लावलं का. दमून जाईन थो."

आणि मग थंडी गेली.

सोमवारी सकाळी आभाळ भरून आलं. मोबाइलवर सतरा अंश. मंगळवारी अठरा. प्लांटमध्ये माणसं स्वेटर काढून फिरायला लागली आणि मी दर तासाला मोबाइल बघायला लागलो. आभाळ गेलं, तर थंडी परत येणार, पण कधी? आणि साहेबांना उगीच वाट बघण्याचा कंटाळा आला तर? इतके दिवस "हिव लय पडलं बापा" म्हणून कुरकुरणाऱ्या काकू आता पदर कानाला न बांधता, मुद्दाम उघड्यावर येऊन आकाश बघत.

"पोहरादेवीले नारळ फोडीन," त्या म्हणाल्या, "पन चार रोज थंडी पडू दे." मिस्त्री म्हणाले, देवीला आजवर ऊब मागणारेच भेटले असतील, ही मागणी तिला दोनदा विचारावी लागेल.

शुक्रवारी आभाळ निवळलं. शनिवारी सकाळी अकरा अंश. चूल पेटली, मुद्दाम मोठी. भिंतीवरची जुनी नळी तापून लाल व्हायची तेवढी बाकी, पण तिला आता कुणी विचारत नव्हतं, तिची वायर मी काढली होती. आठला पंप सुरू झाला आणि माल आला. रविवारी दहा. माल आला. साहेब दोन्ही दिवस दुरून बघून गेले.

तिसरी सकाळ नऊ अंशांची. इतकी थंडी मी माझ्या आयुष्यात बघितली नव्हती. आमच्याकडे समुद्र असं होऊ देत नाही. मी साडेपाचला पाइपापाशी उभा होतो. पत्र्याला हात लावत होतो, पाच मिनिटांनी पुन्हा लावत होतो. काकूंनी चूल पेटवली आणि ओरडल्या, "तिथं उभा राहून पाइप गरम होत नाई. इकडं ये." तरी मी गेलो नाही. बऱ्याच वेळाने शेडच्या मागून, पाइपाच्या नव्या पेटीतून आवाज आला, टक्. बंद. माझ्या हाताखाली पत्रा कोमट. मग अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा टक्. चालू. तेव्हा कुठे मी चुलीपाशी गेलो.

आठला साहेब आले. या वेळी जवळ. पंप सुरू झाला आणि पाइपाच्या तोंडातून रुंद, तपकिरी, चमकदार पट्टा ड्रममध्ये उतरायला लागला, न तुटता. साहेबांनी एका काचेच्या बाटलीत नमुना घेतला, उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. मला वाटलं, त्यांना त्यात चुलीचा धूर दिसतोय.

"रंग ठीक आहे," ते म्हणाले. मग चुलीकडे बघितलं. "ती चूल... भिंतीपासून जरा लांब घ्या. भिंत काळी होते." आणि ते गेले. एवढंच. फाटकाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पुढेही कधी घेतलं नाही.

काकूंनी चूल एक वीत सरकवली. भिंत अजून काळी होते.

त्याच दुपारी मी जुना थर्मोस्टॅट भिंतीवरून काढायला शिडी लावली. स्क्रूला हात लावला तोच खालून आवाज आला. "हात नोको लावू त्याले."

"काकू, आता याचा काही उपयोग नाही."

"तुले नसन. मी गाळनं कुठं अडकवू?"

मी उतरलो. जेवायला बसलो. ताटात दोन भाकरी, भाजी. आठ-दहा दिवसांत मला भाकरी बऱ्यापैकी तोडता यायला लागली होती, आणि रुमाल खिशातच होता. मी पहिला घास घेतला तेव्हा माझ्यासमोर काहीतरी आपटलं. गंज. शेजारच्यांनी लगेच ताटं सरकवली, "सरका राजेहो" वगैरे झालं.

"खालून जरा लागला हाये," काकू म्हणाल्या. "सकाळपासून तुह्या पाइपाकडंच ध्यान होतं. माह्या गंजाले कायचा थर्मोस्टॅट."

मी भात संपवला. मग लागलेलाही खरवडून खाल्ला.